फुलांची फी

आई, परवा इकडं मशिनींची पूजा झाली. आपल्याकडं दसऱ्याला गाड्या पुजतात, तशी इकडची मंडळी विश्वकर्म्याच्या नावानं दसऱ्याच्या आधीच पुजून घेतात. मी आता पोकलेन चालवतो. तू होतीस तेव्हा मी आधी टेम्पो चालवायचो आणि तो गेल्यावर काहीच चालवत नव्हतो, तेवढंच तुला माहीत. आसामच्याही पुढं डोंगर फोडून रस्ता चाललाय, तिथं पत्र्याच्या खोल्यांत आम्ही राहतो. पूजेला खालच्या बाजारातून झेंडू आणला होता, पण ओवायला कोणालाच येईना. ड्रायव्हर, फिटर, चांगले मोठमोठे बाप्ये पाकळ्यांतून सुई घालत होते आणि फूल मान टाकत होतं. मी म्हटलं, सरका. मांडी घालून बसलो आणि तुझ्यासारखे हार ओवत गेलो, बुडातून सुई, मधे मधे पान. हात विसरले नव्हते. आमचा सुपरवायझर उत्तर प्रदेशातला आहे, माणूस बरा आहे. तो म्हणाला, "अरे, तू तो पक्का माली निकला. बोल, कितना हुआ?" आणि हसत हसत त्यानं खिशात हात घातला. मजाकच होती. पण मी तसाच उठलो आणि जाऊन मशिनच्या केबिनमध्ये बसलो. सगळ्यांना वाटलं, ह्याला राग आला. राग नव्हता. फुलाचे किती, हा प्रश्न माझ्यानं ऐकवत नाही, आणि का ऐकवत नाही ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, आपण दोघं त्याबद्दल एकदाही बोललो नाही. तू असताना बोललो नाही, ते आता बोलतोय.

मामांपासून सुरू करतो. सख्खे मामा मला नाहीत, पण नाशिक रोडच्या त्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ज्यांचं ऑफिस होतं, त्यांना मी बोलायला लागल्यापासून मामाच म्हणत आलो. दारावर पितळी पाटी, खाली सीए लिहिलेलं. वडील गेले तेव्हा मी मांडीवर होतो म्हणे, आणि तू विकायची पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्या आईला रोज देवाची फुलं द्यायला जायचीस. त्या म्हातारीनंच आपल्या मुलाला सांगितलं, की ह्या बाईचे बँकेचे, सातबाऱ्याचे कागद जरा बघ, तिला कोणी नाही. तेव्हापासून ते तुझे भाऊ झाले आणि तू त्यांची ताई. राखी बिखी काही नाही. नुसती हाक. त्या हाकेवर तू किती वर्षं निर्धास्त राहिलीस. कुठलाही सरकारी कागद आला की तू तो उघडायचीसुद्धा नाहीस. पदरात गुंडाळून ठेवायचीस आणि म्हणायचीस, "भाऊ बघतील."

आणि दसऱ्याचं तोरण. अख्खा फुलबाजार त्या दिवशी पेटलेला असतो, गोदाकाठी पाय ठेवायला जागा नसते, गिऱ्हाईक अंगावर येतं, आणि तू भर धंद्यात गाळा बाजूच्या मावशीवर टाकून नाशिक रोडला निघायचीस. तोरण आदल्या दिवशीच केलेलं असायचं. विकायला करायचीस त्याहून निराळं. झेंडू एका मापाचा निवडून, मधे पांढरी शेवंती, आंब्याची पानं पुसून पुसून. ऑफिसातला शिपाई म्हणायचा, द्या मी लावतो. तू कधी दिलं नाहीस. स्टुलावर चढून स्वतः बांधायचीस. मामा केबिनमधून बाहेर येऊन ओरडायचे, "ताई, उतरा खाली! पडलात तर तुमचा विमा पण मी काढलेला नाही." तू वरूनच म्हणायचीस, "पडू द्या भाऊ, पण तुमच्या दाराला दुसऱ्याचा हात नाय लागायचा." मग चहा, पेढा, आणि तू त्या गिऱ्हाइकाच्या गुबगुबीत खुर्चीच्या अगदी कडेला बसायचीस, जशी काही पाठ टेकली तर त्याचं भाडं लागेल. मामांनी तुझ्याकडून कधी फी घेतली नाही. तू त्यांच्याकडून कधी फुलांचे पैसे घेतले नाहीस. हे असं ठरलं होतं का? कोणी ठरवलं नव्हतं. मला वाटतं, कोणी तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही दोघं त्याच्याकडं बघतच बसला असता.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा तू मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलंस. त्यांनी मारलं नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "गणित सोडलंस ना? मग आता जन्मभर दुसऱ्यानं केलेला हिशेब खरा मानायचा." मला ते लय लागलं. मी गॅरेजला राहिलो, सोडलं. हॉटेलात राहिलो, सोडलं. कुरिअरची पाकिटं वाटली, ते पण सोडलं. प्रत्येक वेळी मला ते वाक्य आठवायचं आणि मी म्हणायचो, दाखवतो मामांना. मग तू टेम्पो घेतलास, जुनाच, पण आपला. तिथं मात्र मी टिकलो. तुला आठवतं ना? पहाटे सायखेड्याला जायचं, तिकडच्या मळेवाल्यांकडून क्रेटच्या क्रेट झेंडू भरायचा, उजाडायच्या आत बाजारात. आपल्या रानातली फुलं तर होतीच, पण ती किती? तेवढ्यावर मंडपवाल्यांचं आणि लग्नाच्या हॉलवाल्यांचं भागत नव्हतं. तू घ्यायला लागलीस, विकायला लागलीस, आणि दोन-तीन वर्षांत आईसाहेब एकदम शेटाणी. बाजारात तुला लोक असंच चिडवायचे. तू लाजायचीस पण तुला आवडायचं.

जुलै संपत आला की रिटर्न भरायला मामांच्या ऑफिसात नुसती जत्रा. त्यात आपण सगळ्यात शेवटी. फी देणाऱ्यांची कामं आधी, टेबलावर बसून, एकेक कागद बघून. आपलं काम त्यांनी उभ्या उभ्या केलं. मी तिथंच होतो. तू विचारलंस, आणि हे मी शपथेवर सांगेन, तू विचारलं होतंस, "भाऊ, ह्यात सायखेड्याची फुलं बी आली. ती आपल्या रानातली नाय. ती पण शेतीतच दाखवायची का?" मामांच्या कानाला फोन होता, कोणी मोठा बिल्डर बोलत होता. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हसले. "ताई, फूल सायखेड्याचं असो नाहीतर काश्मीरचं, उगवतं शेतातच ना? शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नसतो. सही करा. मी आहे ना." तू सही केलीस. पुढच्या वर्षी पण केलीस. त्याच्या पुढच्या वर्षी पण.

नोटीस आली तेव्हा आपण दोघं आयकराच्या ऑफिसात गेलो. साहेब तरुण होता, चष्म्याचा. बँकेतला भरणा एकीकडं, सातबारा एकीकडं. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, एवढ्याशा रानात एवढी फुलं निघत असतील तर मी उद्याच नोकरी सोडतो. मला पण शिकवा." तू भाबडेपणानं सांगून टाकलंस, "नाय साहेब, ती समदी आमची नाय. सायखेड्याहून विकत घेतो की." साहेबानं पेन खाली ठेवलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानंतर तो हळू बोलायला लागला. स्वतः पिकवलेलं विकलं ती शेती. दुसऱ्याचं विकत घेऊन विकलं तो व्यापार. व्यापाराला टॅक्स. तीन वर्षांचा टॅक्स, त्यावर व्याज, आणि चुकीचं दाखवलं म्हणून दंड. तू म्हणालीस, "पण आमच्या भाऊंनी सांगितलं होतं." साहेब म्हणाला, "रिटर्नवर सही भाऊंची नाहीये, मावशी."

ते भरण्यात टेम्पो गेला, गाळा गेला. तू पुन्हा पाटी घेऊन घाटाच्या पायरीवर बसायला लागलीस, मी लहान होतो तेव्हा बसायचीस तिथंच. मामांकडं आपण ऑर्डरचा कागद घेऊन गेलो होतो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, मी विचारायला पाहिजे होतं. फुलं कुठून येतात हे मी कधी नीट विचारलंच नाही." तू लगेच म्हणालीस, "असू द्या भाऊ, तुमच्यामागं काय कमी कामं." ते म्हणाले, "अपील मी करतो. एक पैसा घेणार नाही." मी पटकन बोललो, "फुकटचंच तर नडलं, मामा." तू माझ्या दंडाला चिमटा काढलास. मामांनी मान खाली घातली ती मी बघितली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? लय बरं वाटलं.

आपलं काही चुकलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि अजूनही ठाऊक आहे. चूक त्यांची होती. तुझं नुकसान झालं होतं. भरपाई मागणं हा आपला हक्क होता. मी जिथं जिथं हे सांगितलं तिथं लोक म्हणाले, बरोबर आहे तुझं. फक्त तू म्हणत नव्हतीस. तू म्हणत होतीस, "जाऊ दे रे. माणूस चुकतो." मी म्हणायचो, "तो बिल्डरच्या कामात का नाय चुकला?" मी तेच तेच विचारत राहायचो. टेम्पो माझा गेला होता ना. जिथं मी टिकलो होतो ती एकच गोष्ट गेली होती. तुझं नुकसान पुढं करून मी माझंच भांडत होतो.

ग्राहक मंचात तक्रार करता येते, असं मला बाजारातल्या एकानं सांगितलं. वकीलबाई त्यानंच गाठून दिली. बाई हुशार, बोलायला तिखट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "फी किती देत होतात?"

"फी नव्हती घेत ते," तू म्हणालीस, अभिमानानं.

बाईनं पेन बंद केलं. "मग कठीण आहे. फुकट दिलेल्या सेवेची तक्रार होत नाही. मोबदला दिला असेल तरच तुम्ही ग्राहक. नाहीतर त्यांनी ओळखीत सल्ला दिला, तुम्ही ऐकला, विषय संपला."

मी उठायलाच लागलो होतो. तेवढ्यात बाईनं सहज विचारलं, "काहीच देत नव्हता? दिवाळीला मिठाई, भाजी, काही?"

"मिठाई कसली बाई. आपलं दसऱ्याला तोरण बांधायची दाराला. आन् त्यांच्या आईला देवाची फुलं, त्या होत्या तोवर."

"दरवर्षी?"

"एक साल चुकलं नाय."

बाईनं पेन पुन्हा उघडलं. "फुलांना बाजारभाव असतो ना?"

तुला कळलंच नाही आधी. तू तिला भाव सांगायला लागलीस, दसऱ्याला कसा चढतो, दुसऱ्या दिवशी कसा पडतो. बाई लिहून घेत होती. मग ती म्हणाली, "झालं तर. तुम्ही त्यांना फीच्या बदल्यात फुलं देत होता." तेव्हा तू थांबलीस. "नाय हो बाई. बदल्यात नाय. ते मी माझ्या हातानं बांधायची. ते काय विकलं व्हतं व्हय?" बाई शांतपणे म्हणाली, "आता विकलं म्हणायचं. नाहीतर ते सुटले." वर ती असंही म्हणाली की सीएंच्या संस्थेकडं वेगळी तक्रार टाकता येते, तिथं दोष निघाला तर प्रॅक्टिसच बंद पडेल. तू ताडकन उभी राहिलीस. "ते नाय करायचं. कोणाच्या पोटावर नाय मारायचं." ते मी सोडून दिलं. ते सोडलं म्हणून फुलं विकली हे मात्र तुझ्याकडून वदवून घेतलं. रोज थोडं थोडं. जेवताना, पाटी भरताना. "आई, फुलं दिली का नाय तू?" "दिली." "त्यानी काम केलं का नाय?" "केलं." "मग खोटं काय त्यात?" तू पान-फूल ओवत राहायचीस आणि म्हणायचीस, "तसं बघितलं तर खोटं नाय." तसं बघितलं तर, असं तू म्हणायचीस. मी ते शब्द सोडून पुढचं धरायचो.

शपथपत्राच्या दिवशी कोर्टाच्या आवारात केवढं ऊन होतं. नोटरीच्या टेबलासमोर लायनीत तू पदर डोक्यावर घेऊन उभी. कागद टाइप होऊन आले, मराठीतच होते, पण असली मराठी की एका ओळीत मला तीनदा ठेच लागली. तुला लिहिता सहीपुरतंच यायचं, वाचता अडखळत यायचं. तू बोट ठेवून विचारलंस, "हे सामनेवाले सामनेवाले काय लिहिलंय सारखं?" मी म्हटलं, "म्हणजे मामा." "भाऊंना सामनेवाले म्हनायचं?" "कोर्टात तसंच म्हणतात." तू त्या शब्दावरचं बोट काढून घेतलंस. मग मला विचारलंस, "तू वाचलं का समदं?" मी म्हटलं, "वाचलं." "खरंय ना?" "खरंय. कर सही. काही होत नाही."

मी वाचलं नव्हतं आई. पहिलं पान अर्धं वाचलं, पुढं डोळे नुसते फिरवले. तुला जे एका माणसानं फोनवर हात ठेवून सांगितलं होतं, तेच मी तुझ्या पोटचा पोरगा उन्हात उभं राहून सांगितलं, आणि तू जशी त्यांच्यावर टाकून मोकळी झाली होतीस तशी माझ्यावर टाकून मोकळी झालीस. त्यांना जाब विचारायला एक जागा होती. मला विचारणारं कोणी नव्हतं, आणि तू तर विचारणारच नव्हतीस.

मग त्यांचं उत्तर आलं. मंचाच्या बाहेरच्या बाकड्यावर वकीलबाईनं ते वाचून दाखवलं. सामनेवाले यांनी सदर सल्ला स्नेहापोटी व विनामोबदला दिलेला आहे, तक्रारदार ह्या त्यांना बहिणीप्रमाणे आहेत. तुझा चेहरा एकदम उजळला. तू माझ्याकडं वळलीस, "बघ. बहिणीप्रमानं लिवलंय त्यांनी. कोर्टात लिवलंय." बाई म्हणाली, "हो, आणि हेच आपल्याला खोडून काढायचंय. बहीण म्हणून केलं असेल तर ते जबाबदार नाहीत." आई, तुझा तो चेहरा मी विसरलो नाही. उजळलेला चेहरा तसाच राहिला आणि डोळे तेवढे विझले. समोरच्या बाकावर मामा बसले होते, त्यांनी हे सगळं ऐकलं. थोड्या वेळानं ते उठून आपल्याकडं आले. त्यांच्या वकिलानं मागून हाक मारली, तरी आले. "ताई, पाणी घेतलं का? आत बराच उशीर होईल." तू म्हणालीस, "घेतलं भाऊ. तुमची शुगर कशी हाय?" ते म्हणाले, "आहे तशीच." आणि परत जाऊन बसले. तुम्ही दोघं काय माणसं होतात.

निकाल आपल्या बाजूनं लागला. टॅक्स तो टॅक्स, तो कसाही भरावाच लागला असता, म्हणून तो आपल्यावर. पण दंड, व्याज आणि मनस्तापाची भरपाई त्यांनी द्यायची. तू विचारत असताना त्यांनी दुर्लक्ष केलं, ही सेवेतली त्रुटी. आणि फुलांना बाजारात किंमत आहे, ती नेमानं दिलेली आहेत, म्हणून ती मोबदलाच होय. बाईनं हे वाक्य दोनदा वाचलं, खूश होऊन. मी पण खूश. तू विचारलंस, "म्हंजे आता ते कायम तसंच राहनार? लिहिलेलं?" बाईला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "हो मग, ऑर्डर आहे ती." मामांनी अपील केलं नाही. मुदतीच्या आत सगळं भरून टाकलं.

त्यानंतरचा दसरा. आपण घाटाच्या पायरीवर माल घेऊन बसलो होतो. तू तोरण केलंच नव्हतंस, सुटी फुलं आणि साधे हार. दुपारकडं गर्दीतून मामा आले. एकटे. नाशिक रोडहून एवढ्या लांब, तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडू मिळत असताना. तुझ्यासमोर वाकून म्हणाले, "ताई, दाराला काहीतरी बघा." तू हार उचललास, पुन्हा ठेवलास, दुसरा उचललास. त्यांनी पाकीट काढलं. "किती झाले?" तू वर बघेनास. तुझ्या ओठांवर काय होतं ते मला दिसत होतं, असू द्या भाऊ. एवढंच म्हणायचं होतं तुला. आणि मला वाटलं, हिनं आता फुकट दिले तर कोर्टात सांगितलं ते खोटं ठरेल. कोणी बघत नव्हतं, काही ठरणार नव्हतं. पण मी मधे तोंड घातलं आणि भाव सांगितला. दसऱ्याचा, चढा. मामांनी मोजून दिले. "बरं," म्हणाले. हार पिशवीत घातला आणि गर्दीत गेले. तू संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. नंतर बोललीस, पण भाजीपुरतं, पाण्यापुरतं. पुढं कोणाच्या घरी बारसं असो की पूजा असो, तू नुसतं फूल म्हणून कोणाला काही दिलंस असं मी बघितलं नाही. देवाला घालायचीस तेवढंच.

मी मग निघून गेलो. तुला वाटलं असेल, ह्याचं नेहमीचं, कुठं टिकत नाही. सुरतेला गेलो, तिथून नागपूरकडं, मशिन शिकलो, रस्ता जिथं नेईल तिथं. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोन दिवसांच्या वाटेवर होतो. पोचलो तेव्हा राख पण सावडून झाली होती. बाजारातल्या मावशीनं सांगितलं की मामा आले होते, मागं उभे होते, कोणाशी बोलले नाहीत आणि शेवटपर्यंत थांबले. मी त्यांना भेटायला गेलो नाही. वर्षश्राद्धाला आलो तेव्हाही त्या रस्त्यानं गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात गेलो. इकडं आमच्या पगारातून टॅक्स कापतात, तो परत मिळतो म्हणे, रिटर्न भरलं तर. साइटवर एक एजंट येऊन सगळ्यांचे भरून देत होता, वाट्टेल ते खर्च दाखवून. पोरं खूश. मी त्याला कागद दिले नाहीत. सुट्टीत नाशिकला उतरलो आणि पाय आपोआप त्या जिन्याकडं वळले. मेडिकल तेच आहे. मामा म्हातारे झालेत, एकच मुलगी कामाला आहे. त्यांनी मला लगेच ओळखलं. "ये," म्हणाले. "बस. टेकून बस." मी कागद पुढं केले. मला त्यांना विचारायचं होतं. ते तोरण तुम्ही काय समजून घेत होतात, मामा? फी समजून? तुम्ही बहीण लिहिलंत ते सुटायला लिहिलंत का खरं लिहिलंत? आणि आई कोर्टात जे बोलली, ते तुम्हाला खोटं वाटलं का? तोंडातून आलं ते एवढंच, की पॅनकार्ड पण आणलंय. ते माझे कागद बघत होते. एकेक. उलटसुलट करून. तासभर लावला त्यांनी. कुठं काम करतो, राहायचं कोण देतं, दुसरी काही मिळकत आहे का, गावाकडच्या रानाचं काय येतं, ते रान कोण कसतं, त्यात पिकतं तेच विकता का बाहेरचं आणता. हा शेवटचा प्रश्न विचारताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, तेवढंच पिकतं मामा, बाहेरचं काही नाही. त्यांनी लिहून घेतलं.

काम झालं. मी उठलो, आणि काय करावं ते न कळून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग त्या मुलीला म्हणाले, "ह्यांची फी घे. पावती कर." तिनं आकडा सांगितला. मी खिशातून पैसे काढले. तिनं पावती फाडून दिली, मामांनी तिच्या हातातून घेऊन स्वतः माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "नीट जपून ठेव. ह्यात काही चुकलं असेल, तर मी जबाबदार."

बरोबरच होतं ते. असंच असावं. मीच तर त्यांना हे शिकवलं. जिना उतरताना मी मात्र मधेच एका पायरीवर बसलो.

आई, हे पत्र कुठं जाणार नाही. डिझेलच्या जुन्या कागदांच्या मागं लिहिलंय, उद्या मशिनचं ग्रीस पुसायला जाईल. एवढंच एक तुला सांगायचं राहिलं. मी पैसे काढत होतो ना, तेव्हा मुद्दाम हळू काढले. एकेक नोट. मामांनी म्हणावं, असू दे रे, म्हणून.

ते म्हणाले नाहीत.